एकच तंबोरा, चार इअरफोन

माझ्याजवळ एका घरगुती बैठकीचं ध्वनिमुद्रण आहे. पुरुष गायक, पेटीवरच्या काळी एकची पट्टी, विलंबित एकताल. मागे दोन तंबोरे, साथीला तबला आणि पेटी. सुरुवातीला थोडा वेळ नुसतेच तंबोरे झंकारतात, मग गायक षड्ज लावतो, आणि बऱ्याच वेळाने तबला ठेका धरतो. ही दोन-अडीच मिनिटं मला आता पाठ झाली आहेत, कारण नवा इअरफोन हातात आला की पहिल्यांदा मी हेच लावतो.

फाइल तीच, फोनही तोच. पण शूरच्या एसई215 वर तंबोरे जाडसर, भरदार वाटतात आणि डग्ग्याचा घुमारा कानात मावत नाही. केझेडच्या झेडएसएन प्रोवर जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांचा तो झंकार, लखलखते, तबल्याच्या काठावरचा ‘ना’ टोकदार होतो, आणि गायक मात्र तंबोऱ्यांच्या मागे जाऊन बसल्यासारखा वाटतो. एटिमॉटिकच्या ईआर2एसईवर गायक अगदी समोर येतो, दोन ओळींमधला त्याचा श्वाससुद्धा कळतो. डग्गा मात्र ऐकू येतो, अंगाला जाणवत नाही. सेव्हनहर्ट्झच्या सालनोट्स झिरोवर या तिघांच्या मधलं काहीतरी मिळतं.

इअरफोनच्या या स्वभावाला साउंड सिग्नेचर म्हणतात. कुणी वॉर्म, कुणी ब्राइट, कुणी व्ही-शेप, कुणी न्यूट्रल. हे शब्द हल्ली सगळीकडे वाचायला मिळतात, पण त्यांचा नेमका अर्थ काय, आणि दोन इअरफोनची तुलना करताना आपण नक्की कशाची तुलना करतो, हे सोपं करून सांगायचा हा प्रयत्न आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: यात ‘चांगला आवाज’ आणि ‘वाईट आवाज’ एवढाच प्रश्न नसतो. तुमच्या संगीतातल्या कुठल्या भागाला पुढे आणायचं आणि कुठल्या भागाला मागे ठेवायचं, हे तो इअरफोन तुमच्या वतीने ठरवतो. त्यामुळे तुम्ही ऐकता काय, हे माहीत असल्याशिवाय कुणाचीही शिफारस अर्धवटच.

आधी थोडे आकडे. काळी एकचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण 139 कंपनं, म्हणजे 139 हर्ट्झ. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा याच सुरात लागतात, पंचमाची तार 104 ला आणि खर्जाची 69 ला. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर तिचा षड्ज 208 च्या आसपास येतो. ती तार सप्तकातल्या पंचमाला गेली तरी 620 च्या पुढे फारशी सरकत नाही. म्हणजे आपण ज्याला सूर म्हणतो, तो जवळपास सगळा हजार हर्ट्झच्या आत आटोपतो. आणि तरुण, निरोगी कान तर 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. मग वरच्या त्या एवढ्या मोठ्या जागेत असतं काय?

तिथे उपस्वर असतात. खर्जाची तार छेडली की 69 बरोबर 138, 207, 277, 346 अशी त्याची सगळी पटीतली कंपनंही निघतात. त्यातलं पाचवं, 346 चं, म्हणजे तंबोरा नीट लागला की आपोआप ऐकू येणारा तो स्वयंभू गांधार. जवारी काढणारा कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासतो, तारेखाली दोरा सरकवतो, तेव्हा तो मूळ सुराला हातही लावत नसतो. वरच्या उपस्वरांना किती वाव द्यायचा, तेवढं ठरवत असतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिलं ते याच गोष्टीने चकित होऊन: तार जिथे छेडली, त्यावरून जे उपस्वर निघायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात खणखणीत निघत होते.

इअरफोनचं ट्यूनिंग म्हणजे बऱ्याच अंशी अशीच जवारी काढणं. इअरफोन षड्जाचा रिषभ करत नाही. सूर तोच राहतो. पण त्याच षड्जाच्या तीन हजार हर्ट्झजवळच्या उपस्वरांना जोर दिला की गायक पुढे आल्यासारखा वाटतो, आणि तिथलाच जोर काढून घेतला की तो पडद्याआडून गातोय असं वाटतं. रंग बदलतो, अंतर बदलतं, पट्टी बदलत नाही.

आता या पट्ट्यात कुठे काय राहतं ते पाहू. अगदी तळाशी, 60 हर्ट्झच्या खाली, सब-बास. सिनेमातल्या नव्या गाण्यांचा इलेक्ट्रॉनिक धक्का इथे असतो. ख्याल, नाट्यपद, अभंग यांत इथे जवळपास काहीच नसतं. त्यामुळे एखाद्या इअरफोनच्या सब-बासची भरभरून स्तुती वाचून तुम्ही तो घेतलात आणि त्यावर शास्त्रीय संगीतच ऐकलंत, तर तो बास कुठे आहे हे तुम्हाला कधी कळणारच नाही. त्याच्या वर साधारण 250 पर्यंत बास: डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची धुमाळी, तंबोऱ्याचा खर्ज, पुरुषाच्या आवाजातला भरदारपणा. मग मिड्स, म्हणजे आवाजाचं आणि पेटीचं खरं घर. इथे 800 ते 1500 च्या दरम्यान कुणी फाजील जोर दिला की गायक नाकात गातोय असं वाटतं. 2,000 ते 5,000 हा पट्टा सगळ्यात नाजूक. शब्द स्पष्ट कळणं, तबल्याच्या ‘ना’ची कड, गायक किती जवळ आहे याची जाणीव, सगळं इथून येतं. त्याच्या वर ट्रेबल: झांजा, टाळ, चिपळ्या, जवारीची चमक, आणि स-श-चचे सगळे घर्षण.

या शेवटच्यासाठी मराठी माणसाकडे एक फार चांगली कसोटी आहे, आणि ती मला इतर कुठे मिळाली नाही. आपले च दोन. ‘चाक’मधला दंत्य च आणि ‘चार’मधला तालव्य च. दंत्य च म्हणताना जिभेचं टोक दातांमागे टेकतं आणि हवा अगदी पुढून, अरुंद फटीतून घासत बाहेर पडते. तिचा आवाज ‘स’सारखा, उंच पट्टीत असतो. तालव्य चचा आवाज ‘श’सारखा, त्याहून खाली. ट्रेबल दबलेल्या इअरफोनवर मराठी बातम्या किंवा कथाकथन लावा: अर्थ कळतो, पण दोन्ही च एकमेकांच्या जवळ सरकतात, ‘चाक’ची धार बोथट होते. ट्रेबल फाजील असेल तर उलट, प्रत्येक ‘स’ आणि दंत्य च सुईसारखा टोचतो आणि दहा मिनिटांत इअरफोन काढावासा वाटतो. हे टोचणं बहुतेक 5,000 ते 8,000 हर्ट्झच्या दरम्यान जमा होतं. दोन्ही च वेगळे राहतात आणि कुठलाच टोचत नाही, अशा इअरफोनचं ट्रेबल माझ्या दृष्टीने पास.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो तिथे येतो. न्यूट्रल म्हणजे सगळ्या पट्टीला सारखाच जोर, ग्राफवर सरळ रेषा, असं कुणालाही वाटेल. पण तशी सरळ रेषा कानाच्या आत दिली तर आवाज मेलेला, दूरचा, गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. कारण आपला कान स्वतःच सरळ नाही. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, बाहेरून उघडी, आतून पडद्याने बंद. बासरीसारखी तीही एका ठरावीक पट्टीत घुमते आणि ती पट्टी येते 3,000 हर्ट्झच्या आसपास. समोर बसलेल्या गायकाचा आवाज पडद्यापर्यंत पोचेतो हा भाग दहा-पंधरा डेसिबलने वाढलेला असतो. जन्मापासून आपण जग असंच ऐकत आलोय, म्हणून ते आपल्याला सरळ वाटतं. इअरफोन खुपसला की नळीचं तोंडच बंद होतं आणि हा नैसर्गिक घुमार हरवतो. मग इअरफोन बनवणाऱ्याला तो मुद्दाम परत भरावा लागतो. म्हणून कुठल्याही बऱ्या इअरफोनच्या ग्राफवर तीन हजारजवळ एक डोंगर दिसतो. तो दोष नाही. तो तुमचाच कान आहे, उसना घेऊन परत केलेला.

हे पहिल्यांदा काटेकोरपणे हाताळणाऱ्यांत मीड किलियन हे नाव येतं. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातला हा माणूस. त्यांच्या एटिमॉटिक कंपनीने 1991 मध्ये ईआर-4 आणला, तोही श्रवणयंत्रांत वापरतात तशा चिमुकल्या बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हरवर. ड्रायव्हर म्हणजे इअरफोनमधला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग. पुढे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने विचार केला: लोकांना ऐकवून विचारू या, कुठलं प्रमाण आवडतं. त्यातून हार्मन टार्गेट नावाची रेषा निघाली. तिच्यात तीन हजारचा डोंगर आहेच, शिवाय बासलाही बराच उठाव आहे, कारण खोलीत स्पीकर लावून ऐकताना भिंतींमुळे बास वाढतो आणि लोकांना तीच सवय असते. पण त्याच अभ्यासांत हेही दिसलं की बहुसंख्यांना ती रेषा आवडत असली तरी काहींना बास याहून जास्त लागतो आणि काहींना कमी. म्हणजे हार्मन टार्गेट ही सरासरी आहे. सरासरी मापाचा सदरा बहुतेकांना होतो, तुम्हाला होईलच असं नाही.

एवढं समजलं की त्या चार इअरफोनची गोष्ट उलगडते. ईआर2एसईमध्ये तीन हजारचा डोंगर नीट उभा आहे, पण बासला उठाव जवळजवळ नाही. म्हणून गायक समोर आणि डग्गा सभ्य. याच कंपनीचा ईआर2एक्सआर म्हणजे तोच आवाज, फक्त खालच्या बाजूला भर घातलेला. दोन्ही एकापाठोपाठ ऐकायला मिळाले तर बासचा उठाव म्हणजे काय, हे पाच मिनिटांत कळतं. सालनोट्स झिरो हार्मनच्या वळणावरचा, बासला हात थोडा आखडता, वरच्या बाजूला किंचित झगझगीत. 2022 मध्ये तो आला तेव्हा एवढ्या कमी पैशांत एवढं तोललेलं ट्यूनिंग पाहून अनेकांना आश्चर्य वाटलं, मलाही.

झेडएसएन प्रो व्ही-शेप. ग्राफ डावीकडे वर, मध्ये खाली, उजवीकडे परत वर. डग्गा मोठा, जवारी मोठी, आणि मधला गायक तुलनेने लहान. इथे एक बारकावा लक्षात घ्या: गायकाचा आवाज कुणी कमी केलेला नसतो, आजूबाजूचे दोघे वाढलेले असतात. मग आपण गायक नीट ऐकू यावा म्हणून व्हॉल्यूम वाढवतो, त्याबरोबर टाळ-झांजाही वाढतात, आणि कान लवकर थकतो. पखवाज आणि टाळांच्या गजरातला वारकरी अभंग या इअरफोनवर पहिली पाच मिनिटं अंगावर रोमांच आणतो. अर्ध्या तासाने टाळ नकोसे होतात. ढोल-ताशा आणि नाचाची गाणी मात्र यावर मनापासून ऐकावीत, तिथे व्ही-शेपला तोड नाही.

एसई215 वॉर्म. बासचा वरचा भाग, 100 ते 250, फुगवलेला आणि ट्रेबल लवकर उतरणारं. आपल्या काळी एकच्या गायकाचा 139 चा षड्ज बरोबर त्या फुगवट्यात येतो, म्हणून तो धिप्पाड वाटतो. पण तंबोऱ्याचा खर्ज, डग्गा आणि गायक तिघेही त्याच जागेत गर्दी करतात, आणि डग्ग्यावरची मींड गढूळ होते. चाक आणि चारच्या कसोटीत तो थोडा मागे पडतो. तरीही, जुन्या, खरखरत्या ध्वनिमुद्रणांसाठी मी तोच काढतो. तिथे वरची खरखर त्याच्या हाती दबते आणि आवाजाचं अंग शिल्लक राहतं.

ड्रायव्हरच्या प्रकारावर मी फार वेळ घालवणार नाही. डायनॅमिक, बॅलन्स्ड आर्मेचर, प्लॅनर, एकाच इअरफोनमध्ये पाच ड्रायव्हर, हे सगळं असतं. पण वरच्या चारांपैकी तीन एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचे आहेत आणि तिघांचा स्वभाव एकमेकांशी जुळत नाही. ड्रायव्हरचा आकडा पाहून सिग्नेचर ओळखता येत नाही.

टिप्सबद्दल, म्हणजे कानात बसणाऱ्या मऊ टोकांबद्दल, मात्र कितीही बोललं तरी कमीच. काही वर्षांपूर्वी मी एक इअरफोन मागवला, आणि ज्याच्या बासचं सगळे कौतुक करत होते त्याचा आवाज मला पत्र्यासारखा पातळ लागला. आठवडाभर मी तो बाजूला ठेवून दिला. मग एकदा कानात बोटाने जरा दाबून धरला आणि एकदम डग्गा आला! उजवा कान माझा डाव्यापेक्षा किंचित मोठा आहे, आणि दोन्हीकडे मी एकाच मापाची मधली टिप लावली होती. उजव्या बाजूने हवा निसटत होती. बासची कंपनं संथ असतात, त्यांना कानातली हवा दाबून धरावी लागते. केसाएवढी फट राहिली तरी तो दाब निसटतो आणि बास संपतो. ट्रेबलला मात्र त्या फटीचं काही वाटत नाही. म्हणजे फटीमुळे वॉर्म इअरफोनसुद्धा ब्राइट, म्हणजे ट्रेबल पुढे असलेला, होतो. आता मी उजव्या कानाला मोठी टिप लावतो आणि दर वेळी ओठ मिटून ‘म्’ गुणगुणतो. आवाज डोक्यात घुमला तर टिप बसली. तसाच पोकळ, बाहेरच राहिला तर माप बदलायचं.

किती खोल जातो यानेही फरक पडतो. एटिमॉटिकची तीन थरांची टिप कानाच्या नळीत खोल बसते, सुरुवातीला नकोशी वाटते, पण बाहेरचा आवाज 35 डेसिबलच्या आसपास अडतो असं कंपनी सांगते, आणि गर्दीच्या लोकलमध्ये मला ते खरंच वाटतं. लोकलचा घरघराट मुख्यतः खालच्या पट्टीत असतो, तो नेमका डग्ग्याला झाकतो. घरी न्यूट्रल वाटणारा इअरफोन प्रवासात बासहीन वाटतो याचं कारण हेच.

आणि व्हॉल्यूम. दोन आवाजांत जो किंचित मोठा, तो आपल्याला चांगला वाटतो. फरक एखाद-दोन डेसिबलचा असला तरी. शिवाय प्रत्येक इअरफोनची संवेदनशीलता वेगळी, त्यामुळे फोनवर व्हॉल्यूमची रेघ तीच ठेवून केलेली तुलना सरळसरळ चुकीची. त्यात भर म्हणजे आवाज जितका हळू, तितका कानाला बास कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला वॉर्म इअरफोन न्यूट्रल वाटू शकतो. मी तुलनेसाठी गायकाचा आवाज धरतो: दोन्ही इअरफोनवर गायक सारखाच मोठा वाटेल असा व्हॉल्यूम लावायचा, आणि मगच डग्गा आणि जवारी कुठे आहेत ते ऐकायचं. हे जमायला वेळ लागतो, पण यावाचून तुलना सुरूच होत नाही. मोठा आवाज ठेवायचा मोह होतो म्हणून हेही सांगतो: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास ठीक, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 89 डेसिबलला उरतात फक्त 5 तास.

ग्राफ वाचायचा असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. दोन्ही ग्राफ एकाच यंत्रावर मोजलेले आहेत का, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे कृत्रिम कान वेगवेगळे. दोन्ही रेषा कुठल्या बिंदूवर एकमेकींवर ठेवल्या आहेत. तो बिंदू सरकवला की ‘बास जास्त’चं ‘ट्रेबल कमी’ होतं, इअरफोन बदलत नाही. आणि आठ हजारच्या आसपास दिसणारं टोक मनावर घेऊ नये, कारण ते बऱ्याचदा मोजताना इअरफोन किती खोल घातला त्यावरून येतं आणि तुमच्या कानात ते दुसरीकडेच असतं.

पण ग्राफहून जास्त शिकवतो तो फोनमधला इक्वलायझर. ज्या इअरफोनवर तुम्ही रोज ऐकता तोच घ्या, ओळखीचं गाणं लावा, 3,000 ची पट्टी तीन डेसिबल वर करा, मग तीन खाली. गायक पुढे येऊन मागे जाताना स्पष्ट ऐकू येईल. मग 150 चं तसंच करा. मग 6,000 चं. अर्ध्या तासात तुम्हाला कळेल की तुमच्या कानाला कुठे भर लागते, आणि त्यानंतर कुणी लिहिलेलं ‘ब्राइट’ वाचून तो इअरफोन तुमच्यासाठी आहे की नाही हे तुम्ही स्वतः सांगू शकाल.

माझ्या बॅगेत सध्या दोन असतात. लोकलसाठी आणि स्वतःच्या रियाजाचं ध्वनिमुद्रण तपासायला ईआर2एसई, कारण सूर कुठे उतरला हे तो लपवत नाही. रात्री तंबोरा नुसता लावून पडायचं असेल तर झिरो, सगळ्यात छोट्या आवाजात, जेमतेम खर्ज ऐकू येईल इतका. थोड्या वेळाने त्यातून गांधार वर येतो.